गडद बेल्जियन बिअर: वास गोड, शेवट कोरडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका क्राफ्ट ब्रुअरीची बेल्जियन धर्तीची गडद बिअर आणली. ३३० मिलीची बाटली, ९.५ टक्के अल्कोहोल. फ्रीजमधून काढली आणि लगेच उघडली. लेबलवर अंजीर, मनुका, लवंग, कॅरॅमल अशी यादी होती, त्यातलं काहीच सापडलं नाही. गॅस, गोडवा आणि अल्कोहोलची झिणझिण, एवढंच कळलं. शेवटचे दोन घोट मात्र वेगळेच लागले, भरलेले. मग दोष जिभेचा की बिअरचा, आणि ही बिअर नीट चाखायची कशी?

शेवटच्या दोन घोटांत निम्मं उत्तर आहे. तोवर बिअरचा गारठा उतरला होता आणि बाटलीच्या तळाचं यीस्टही बहुधा ग्लासात आलं होतं. तो फरक तुम्हाला आपसूक कळला, म्हणजे जीभ उत्तम आहे. बिअरला तिचं तापमान आणि वेळ मिळाला नाही, इतकंच. बिअर खरोखर चांगली होती का, हे मात्र अजून ठरायचं आहे. ते ठरवायला लेबलवरची यादी बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न धरून चाला: ही बिअर गोड आहे, की फक्त तिचा वास गोड आहे?

या प्रकारच्या बिअरचं सगळं कौशल्य या प्रश्नात आहे. स्टाउट किंवा पोर्टर या बिअरचा काळा रंग जळकट भाजलेल्या माल्टमधून (मोड आणून वाळवलेल्या धान्यातून) येतो, म्हणून त्यांना कॉफीचा आणि कडू चॉकलेटचा वास असतो. डबल आणि तिच्याहून तीव्र क्वाड्रुपल या गडद बेल्जियन बिअरच्या शैली. त्यांचा गडदपणा मुख्यतः कँडी सिरपमधून येतो. हे सिरप म्हणजे शिजवून शिजवून गडद केलेला साखरेचा पाक. त्यातली साखर यीस्ट जवळजवळ सगळी खाऊन टाकतं. मागे उरतो रंग आणि कॅरॅमल, मनुका, काकवी असे वास. अल्कोहोल वाढतं, पण बिअर तोंडात जड होत नाही. नुसतं माल्ट वापरून तेवढीच तीव्र बिअर काढली, तर न आंबलेली साखर बरीच मागे राहते आणि बिअर पाकासारखी घट्ट होते. म्हणून नाकाला मिष्टान्न आणि घशाखाली उतरताना कोरडी, हा विरोधाभास या शैलीचा कणा आहे. क्राफ्ट ब्रुअरी जिथे घसरतात ती जागाही नेमकी हीच.

दुसरा आधार यीस्टचा. लेबलवर लवंग लिहिली म्हणून कढईत कोणी लवंगा टाकलेल्या नसतात. बेल्जियन यीस्टच्या अनेक जाती माल्टमधल्या फेरुलिक आम्लापासून ४-व्हिनाइल ग्वायाकॉल नावाचं फिनॉल तयार करतात, त्याला लवंगेचा आणि थोडा मिरीचा वास असतो. पिकलेल्या केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेट या एस्टरचा, म्हणजे यीस्टनेच तयार केलेल्या फळासारख्या वासाच्या संयुगाचा. आंबवण्याचं तापमान चढू दिलं की एस्टर वाढतात. बेल्जियन ब्रुअर साधारण अठरा-वीस अंशांवर सुरुवात करून ते बरंच वर जाऊ देतात, आणि किती वर जाऊ द्यायचं यातच प्रत्येकाची सही असते. काही जण किंचित धणे किंवा संत्र्याची साल घालतात, पण चांगल्या बिअरमध्ये तो मसाला ओळखून काढता येत नाही. वेगळा दाखवता आला, तर बहुतेक वेळा तो जास्त झालेला असतो.

आता प्रत्यक्ष चाखण्याकडे. बाटली आदल्या दिवशीच उभी ठेवा, म्हणजे यीस्टचा गाळ तळाशी बसतो. फ्रीजमध्ये असेल तर पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. उघडताना आठ-दहा अंश आणि संपताना पंधरा-सोळा, असा प्रवास हवा. चार अंशांवर सुगंधी रेणू द्रवातून फारसे वर उठत नाहीत आणि गॅसची टोचणी जास्त लागते. तुमच्या पहिल्या अर्ध्या ग्लासाचं हेच झालं.

ग्लास रुंद पोटाचा घ्या. गॉब्लेट किंवा ट्यूलिप उत्तम, नसेल तर रेड वाइनचा चालतो. ग्लास स्वच्छ असणं त्याच्या आकाराहून महत्त्वाचं. तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला, तर फेस लगेच बसतो आणि बुडबुडे काचेला चिकटून राहतात. तसे बुडबुडे दिसले, की ग्लास पुन्हा धुवा, नुसत्या पाण्याने खळबळा आणि तसाच ओला वापरा. ग्लास फ्रीजरमध्ये ठेवू नका. चाखायला १०० ते १२० मिली पुरतात, म्हणजे एका बाटलीत तिघांचं भागतं. शुद्ध अल्कोहोलच्या हिशोबाने ९.५ टक्क्यांची एक छोटी बाटली ही पाच टक्क्यांच्या तशाच जवळजवळ दोन बाटल्यांएवढी भरते. ती एकट्याने संपवायची असेल, तर तासभर काढून ठेवा.

ओतताना ग्लास तिरपा धरून सुरुवात करा, मग सरळ करा आणि मधोमध ओता, फेस उठू द्या. हा फेस वाया जाणारा नसतो, वास तोच वर आणतो. नेहमीच्या फिक्या लागर बिअरमध्ये तिच्या घनफळाच्या साधारण अडीच पट कार्बन डायऑक्साइड असतो, इथे तीन पट किंवा त्याहूनही जास्त. एवढा गॅस हवाच. जिभेवरचा गोडवा तोच खरवडून काढतो आणि दहा टक्क्यांची बिअर हलकी भासवतो. ओतणं एका धारेत करा. बाटली मध्येच सरळ केली, की गाळ ढवळला जातो. तळाची बोटभर बिअर बाटलीतच राहू द्या, ती शेवटी लागणार आहे.

रंगावर फार वेळ घालवू नका. बीजेसीपी ही बिअर परीक्षकांची अमेरिकी संस्था आहे. तिच्या ५० गुणांच्या पत्रकात दिसण्याला फक्त ३ गुण आहेत, वासाला १२ आणि चवीला २०. ही विभागणी मला योग्य वाटते. तरी एकदा ग्लास उजेडाकडे धरा. वरून काळपट दिसणारी बिअर कडेला तांबूस, डाळिंबी, माणकासारखी दिसली पाहिजे. ती आरपार काळी असेल, तर भाजकं माल्ट बरंच पडलंय असा अंदाज बांधून ठेवा आणि नाकाने पडताळा. फेस मळकट पांढरा ते फिका तपकिरी, दाट आणि टिकाऊ असावा.

वास घेण्याची एक शिस्त आहे. ओतल्याओतल्या, फेस भरलेला असतानाच, ग्लास नाकापासून वीतभर लांब धरून एक छोटा हुंगा घ्या. सगळ्यात हलके, उडून जाणारे वास या वेळीच मिळतात. केळं, नाशपाती आणि अल्कोहोलसुद्धा. मग ग्लास जवळ आणून दोन-तीन छोटे हुंगे. लांब श्वास ओढू नका, त्याने नाक लवकर थकतं. थकलंच तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या, तो नाकाच्या ओळखीचा असतो, त्यामुळे नाक पुन्हा शून्यावर येतं. जे सुचेल ते लिहा, मग ते ‘जुन्या लाकडी कपाटासारखं’ असलं तरी चालेल. लेबल या टप्प्यावर वाचू नका. वाचलं, की नाक हुंगायचं सोडून यादीतले शब्द शोधत बसतं.

पहिला घोट नाक चिमटीत धरून घ्या. हा प्रयोग मी नव्या माणसाकडून नेहमी करून घेतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. चमचाभर बिअर तोंडात घ्या, सगळीकडे फिरवा, नाक बंदच ठेवा. आता फक्त जीभ बोलते आहे: थोडा गोडवा, थोडा कडवटपणा, पुसट आंबटपणा, गॅसची टोचणी, अल्कोहोलची ऊब. अंजीर नाही, मनुका नाही, कॅरॅमलही नाही. गिळा, नाक सोडा आणि नाकातून सावकाश श्वास बाहेर टाका. एका क्षणात सगळं येतं. सुकामेव्याचा, टॉफीचा, लवंगेचा वास घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढतो आणि मेंदू ते सगळं मिळून ‘गोड’ असं नोंदवतो.

नाक बंद असताना जिभेला किती गोड लागलं, हे आठवून ठेवा. बिअरमधला खरा गोडवा तेवढाच. त्यानंतर अर्धा मिनिट काहीही न करता थांबा. ओठ एकमेकांना चिकटतात का? तोंडात पाकाचा थर राहिलाय का? की जीभ कोरडी झाली, कडेला बारीक कडवटपणा आणि छातीत ऊब राहिली आणि पुढचा घोट घ्यावासा वाटला? दुसरं घडलं, तर ब्रुअरने काम चोख केलं आहे. पहिलं घडलं, तर लेबलवर काहीही लिहिलेलं असो, ही बिअर अर्धवट आंबली आहे किंवा तिच्यात कॅरॅमल माल्टची खैरात झाली आहे. तुमच्या बाटलीबद्दल मला इथेच शंका आहे. चार अंशांवर गोडवा दबतो. तरीही तुम्हाला गोडवा लागला, तर तो खराच जास्त असू शकतो.

मग ग्लास खाली ठेवा आणि दहा-बारा मिनिटांच्या अंतराने पुन्हा या. साधारण दहा अंशांना गॅस आणि लवंग पुढे असते. बारा-चौदाच्या आसपास सुकामेवा उघडतो. बहुतेक गडद बेल्जियन बिअर इथेच सर्वोत्तम लागतात. सोळाच्या पुढे अल्कोहोल आणि दोष उघडे पडतात. चांगल्या बिअरमध्ये या टप्प्यावर पोर्ट वाइनसारखी खोली येते, कच्च्या बिअरमध्ये नेलपॉलिश रिमूव्हर. म्हणून शेवटचा घोट मुद्दाम कोमट होऊ द्यावा.

सुकामेव्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांची गाडी इथे अडते. आपण ‘मनुका’ म्हणून मोकळे होतो, पण ‘गडद फळ’ या एका शब्दाखाली बरंच काही दडलेलं असतं. सोपा उपाय म्हणजे चाखण्याआधी चार वाट्या मांडायच्या: काळ्या मनुका, सुकं अंजीर, खजूर आणि सुका आलुबुखारा. प्रत्येक फळ बोटांनी फाडून, जरा चुरडून हुंगायचं. मनुकेत गोडव्यामागे आंबूस धार असते. अंजिराचा वास मधाकडे झुकणारा, पण त्याखाली मातकट, बियांचा. खजूर सरळ कॅरॅमलकडे जातो, त्यात आंबटपणा जवळजवळ नसतो. आलुबुखारा सगळ्यांत खोल, आंबट आणि थोडा चामड्यासारखा. पाचव्या वाटीत एक लवंग ठेचून ठेवा, पण ती सगळ्यांत शेवटी हुंगा, नाहीतर बाकी सगळं झाकून टाकते. नंतर बिअर हुंगली, की ‘मनुका नाही, खजूर आहे’ असं चटकन कळतं. अशी ओळख एकदा पटली, की ती पुसत नाही. डबलमध्ये मनुका आणि केळं जास्त सापडतं. क्वाड्रुपलमध्ये अंजीर, आलुबुखारा आणि काकवी. स्पेशल बी नावाचं गडद बेल्जियन माल्ट वापरलं असेल, तर मनुका ठळक होते.

अल्कोहोलबद्दल गैरसमज फार आहे. ‘दहा टक्के आहे, म्हणजे जळजळणारच’ हे मला मान्य नाही. रोशफोर १० ही बिअर ११.३ टक्क्यांची आहे, तिची ऊब घशातून छातीपर्यंत सावकाश उतरते, पण ओरखडा उठत नाही. पहिल्या घोटाला नाकात झिणझिण आणि घशात चटका बसत असेल, तर आंबवताना तापमान हाताबाहेर गेलं असावं किंवा बिअर पुरेशी मुरलेली नसावी. बेल्जियमला या तीव्र बिअर नव्या नाहीत. १९१९ च्या कायद्याने तिथल्या पबमध्ये कडक दारूच्या विक्रीवर बंदी आली, त्यानंतर तीव्र बिअरला मागणी वाढली. वेस्टमॅलच्या मठाने १९२६ मध्ये आपल्या गडद बिअरची कृती बदलून तिला आणखी बळ दिलं, तीच आजची ७ टक्क्यांची वेस्टमॅल डबल. क्वाड्रुपल हे नाव बरंच अलीकडचं, नेदरलँड्समधल्या ला ट्रॅप ब्रुअरीने १९९१ मध्ये रूढ केलेलं.

क्राफ्ट ब्रुअरींच्या बिअरमध्ये मला वरचेवर दिसणारे दोष असे. कॉफीचा जळका वास: रंगासाठी सिरपऐवजी भाजकं माल्ट ओतलेलं असतं. चव वाईट असेलच असं नाही, पण ती शैली सुटली. मसाल्याच्या डब्यासारखा वास: यीस्टकडून करून घ्यायचं काम दालचिनी-लवंगांवर सोपवलेलं. लोण्याचा वास, तोंडात तुपकट थर: डायअसिटाइल, यीस्टला काम पुरं करायला वेळ दिला नाही. बाटली उघडताच फेसाचं कारंजं आणि चवीला आंबट: कुठलातरी जंगली जंतू आत शिरला. नुसतंच कारंजं, चव ठीक: गॅससाठी बाटलीत घालायची साखर जास्त पडली. सगळ्यांत दुर्लक्षित दोष म्हणजे गॅस कमी असणं. बिअर चवीला बरोबर असते, पण चिखलात पाय रुतल्यासारखी जिभेवर बसून राहते आणि लोक म्हणतात ‘फार हेवी आहे’. पुठ्ठ्याचा वास आला, तर ऑक्सिजन लागलाय. मात्र मुरलेल्या तीव्र बिअरमध्ये येणारा शेरी किंवा पोर्टसारखा वासही ऑक्सिडेशनचाच असतो आणि तो स्वागतार्ह. सोया सॉससारखा खारट, मांसल वास यायला लागला, की तिचे दिवस भरले.

तुलनेसाठी अस्सल बिअर एकदा तरी शेजारी ठेवून चाखा. वेस्टमॅल डबलपासून सुरुवात करा. कोरडा शेवट कशाला म्हणतात, ते तिच्यात लख्ख दिसतं. मग ९ टक्क्यांची शिमे ब्लू, तिच्यात मसालेदार, मिरीसारखी धार आहे. मग रोशफोर १० किंवा १० टक्क्यांची सेंट बर्नार्डस ॲब्ट १२. क्रम कमी तीव्रतेकडून जास्तीकडे ठेवा, नाहीतर डबल पाणचट वाटेल. मध्ये साधं पाणी आणि साधा पाव पुरे. चीज किंवा डार्क चॉकलेट नंतर खुशाल घ्या, परीक्षेच्या वेळी नको. चॉकलेटनंतर उत्तम क्वाड्रुपलही पातळ भासते. एकाच बैठकीत तीनपेक्षा जास्त बिअर नकोत. चौथीबद्दल तुमचं नाक जे सांगेल, ते विश्वासाचं नसतं.

मुरवण्याबद्दलही लोक विचारतात. आठ-नऊ टक्क्यांच्या पुढची, बाटलीत यीस्ट असलेली गडद बिअर अंधारात, दहा ते पंधरा अंशांत, उभी ठेवली तर काही वर्षं छान बदलते. केळं आधी जातं, लवंगेची धार बोथट होते आणि त्यांची जागा अंजीर, चामडं, शेरी घेतात. पण जिभेला चिकटणारी गोड बिअर मुरवून कोरडी होत नाही. जी आज असमतोल आहे, ती ठेवून देण्यात अर्थ नाही. साडेसहा-सात टक्क्यांची डबल तर ताजीच प्यावी.

आता तुमच्या त्या शेवटच्या दोन घोटांकडे येऊ. त्यात ऊब आणि यीस्ट या दोन्ही गोष्टी एकदम आल्या, त्यामुळे कशाने फरक पडला हे सांगता येत नाही. त्याच बिअरची दुसरी बाटली आणा, शक्यतो त्याच बॅचची. वर सांगितल्याप्रमाणे गाळ मागे ठेवून ओता आणि अर्धा ग्लास चौदा अंशांच्या आसपास येईपर्यंत थांबा. तो चाखून झाला, की बाटलीत राहिलेली बोटभर बिअर गोल फिरवून दुसऱ्या ग्लासात ओता आणि पहिल्या ग्लासातली तेवढीच त्यात मिसळा. दोन्ही शेजारी ठेवा. यीस्टचा ग्लास गढूळ दिसेल, पावाच्या कणकेचा वास येईल, कडा मऊ होतील, गोडवा जरा दबेल. मला गडद बिअर बहुधा गाळाशिवाय आवडते, कारण फळांचे वास स्वच्छ मिळतात. उलट मत असलेले जाणकारही पुष्कळ आहेत. गाळाशिवायच्या, चौदा अंशांवरच्या ग्लासात अंजीर-मनुका उघडले आणि शेवट कोरडा झाला, तर बिअर चांगली आहे, पहिल्या वेळी फक्त थंडीने मारली होती. फळं उघडली, पण ओठ चिकटत राहिले, तर यीस्ट उत्तम आणि कृती कच्ची. त्या ब्रुअरीची डबल चाखून बघा, कमी तीव्रतेत त्यांचा हात बसलेला असू शकतो. आणि चौदा अंशांवरही नुसता गोडवा आणि झिणझिणच मिळाली, तर तिसरी बाटली घेऊ नका.